कर्त्याची रिकामी जागा

मे २०२५ च्या सुरुवातीला आमच्या इमारतीत लिफ्टशेजारच्या फलकावर एक सूचना लागली. ‘अपुऱ्या पुरवठ्यामुळे बी विंगचे पाणी पुढील सूचनेपर्यंत दुपारी बंद ठेवण्यात येत आहे. रहिवाशांनी याची नोंद घ्यावी व सहकार्य करावे.’ खाली सोसायटीचा गोल शिक्का होता आणि सहीच्या जागी न लागणारी निळी गिचमीड होती. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना उन्हाळ्यात अशा सूचनेचे नवल वाटत नाही. टँकरची रांग, फाटकापाशी सांडलेल्या पाण्यात भिजलेल्या सिमेंटचा वास आणि पहाटेपासून पंपाची घरघर हे इथल्या वैशाखाचेच भाग झाले आहेत. माझ्या मनात राहून गेले ते वेगळेच. त्या दुपारी मी भाजी घेऊन परतत होते, तेव्हा बी विंगमधले एक गृहस्थ, एरवी वाटेत भेटले की आधी हात जोडणारे, वॉचमन शिवरामला सगळ्यांदेखत झापत होते. ‘तूच बंद केलंस ना? चावी कोणाच्या हातात आहे?’ चावी खरोखरच शिवरामच्या हातात होती. जमिनीखालच्या टाकीजवळचा व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब लोखंडी चावी; तिच्या वरच्या आडव्या दांड्याला पकडायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. ‘मला सांगितलं साहेब,’ तो म्हणाला. ‘कोणी सांगितलं?’ यावर शिवरामने थोडा विचार केला आणि फलकाकडे बोट दाखवले. फलकावर कोणाचेच नाव नव्हते.

बंद ठेवण्यात येत आहे; कोणाकडून, ते कुठेच नव्हते.

या ‘ण्यात येणे’शी माझी ओळख फार जुनी आहे. आमचे अण्णा ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होते आणि काम साठले की शनिवारी संध्याकाळी मसुदे घरी येत. कार्बन कागदाचा जांभळट रंग त्यांच्या अंगठ्यात असा मुरला होता, की जेवताना तो अंगठा वरणभातात गेला की आई तोंड फिरवी. मसुदा वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. त्यामुळे ‘सदर प्रकरणी’, ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘आदेशार्थ सादर’ ही भाषा मला शाळेतल्या कवितांबरोबरच पाठ झाली होती. निर्णय घेण्यात येत, मुदत वाढविण्यात येई, अर्ज निकाली काढण्यात येत. एवढा सारा कारभार चाले आणि त्यात माणूस म्हणून कोणी दिसत नसे. एकदा मी विचारले, की हे सगळे करते तरी कोण? अण्णा म्हणाले, ‘अर्जात “मी” चालतो, टिप्पणीत चालत नाही. टिप्पणी खुर्ची लिहिते. माझी बदली झाली तरी ती तिथंच राहणार.’ त्या वेळी ते पटले होते आणि आजही बऱ्याच अंशी पटते. अमुक साहेबांनी पेन्शन मंजूर केली असे कागदावर आले, की पेन्शन हा साहेबांचा उपकार होतो. ‘मंजूर करण्यात येत आहे’ म्हटले, की ती त्या विधवा बाईच्या हक्काची होते आणि साहेब कोण होते याला महत्त्व उरत नाही. कर्ता पुसण्यात एक प्रकारची सभ्यता होती. पण हेच अण्णा घरात मात्र व्याकरणाच्या बाबतीत कमालीचे कडक होते. स्वयंपाकघरात काही खळ्ळकन वाजले आणि भावाने ‘बशी फुटली’ अशी वर्दी दिली, की आतून प्रश्न येई, ‘फुटली की फोडलीस?’

मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकला असेल. आपल्याकडे या जोड्या भरपूर आहेत: फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, ठरणे आणि ठरवणे, मरणे आणि मारणे. जोडीतले पहिले क्रियापद आपोआप घडते, दुसऱ्याला हात लागतो. माझे आजोळ उरण तालुक्यातले. नवी मुंबईसाठी ज्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांतले एक. मामांच्या कपाटात त्या वेळच्या नोटिसा अजून आहेत, घडीवर फाटलेल्या, आणि त्यांतही सगळे ‘संपादित करण्यात येत आहे’च. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भाव मागायला उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या आणि पाच जण गेले. माझ्या या वाक्याकडे पाहा, मीसुद्धा ‘गोळ्या चालल्या’ असे लिहिले आणि ‘जण गेले’ म्हटले. हुतात्म्यांच्या स्मरणदिनाच्या बातम्यांत दर वर्षी ‘गोळीबारात हुतात्मा झाले’ असे येते. त्यात अनादर नाही, उलट हौतात्म्याचा गौरव आहे. पण ‘गोळीबार’ हे नाम क्रियापदाची सारी जागा एकटेच अडवून बसते आणि बंदूक धरणाऱ्यासाठी, त्याला हुकूम देणाऱ्यासाठी, त्या हुकमाआधी मंत्रालयात एखादी बैठक झाली असेल तर तिच्यासाठी वाक्यात जागाच उरत नाही. मामा फारसे शिकलेले नाहीत. ते ही हकिगत सांगतात तेव्हा त्यांच्या तोंडी नाम येत नाही. ‘त्यांनी मारलं,’ एवढेच म्हणतात, आणि ‘त्यांनी’ उच्चारताना हात मुंबईच्या दिशेने जातो.

येथे कर्मणी प्रयोगाची बाजू घेणे मला भाग आहे. इंग्रजी लेखनाचे धडे देणारे लोक या प्रयोगाला उठता-बसता नावे ठेवतात. तो भेकडांचा प्रयोग आहे, जबाबदारी टाळणाऱ्यांचा आहे, असे सांगतात. मराठीत हा आरोप टिकत नाही. सकर्मक क्रियापदांचा आपला भूतकाळ बहुतांशी कर्मणीच आहे. ‘मी बशी फोडली’ यात क्रियापद बशीमागे जाते. फोडणारा मुलगा असो की मुलगी, फोडली ती फोडलीच. शाळेत घोकलेल्या ‘रामाने रावण मारला’ या वाक्यातही क्रियापद रावणाच्या तालावर नाचते, पण म्हणून राम कुठे लपत नाही, ‘ने’ लावून तो वाक्याच्या दारातच उभा असतो. तेव्हा दोष प्रयोगाचा नाही. दोष आहे तो ‘रामाने’ हा शब्द खोडून उरलेले वाक्य जणू पूर्णच आहे अशा थाटात फलकावर लावण्याचा.

ती सूचना लागली त्या दिवसांत पाणी हा विषय साऱ्या देशाच्याच डोक्यात होता. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २३ एप्रिलला, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सरकारचे निर्णय वाचून दाखवले. त्यांतला पहिला सिंधू पाणीवाटप कराराचा होता. हा करार १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत झाला, त्यावर नेहरू आणि अयुब खान यांच्या सह्या आहेत. त्याच्या तिसऱ्या कलमातले वाक्य मला फार आवडते. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी ‘वाहू देण्यास’ भारत बांधील राहील, असे ते आहे. भारत पाणी देत नाही, पाठवत नाही, सोडत नाही. वाहण्याची क्रिया नदीची आहे, भारताने फक्त आडवे यायचे नाही. पण बांधीलकीचा कर्ता मात्र भारत आहे आणि तो वाक्याच्या आरंभीच आहे, त्यात काडीचीही संदिग्धता नाही. पासष्ट वर्षांनी आलेले वाक्य वेगळ्या घडणीचे होते. पाकिस्तान सीमेपलीकडून चालणाऱ्या दहशतवादाचा पाठिंबा विश्वासार्हपणे आणि कायमचा सोडत नाही, तोपर्यंत १९६० चा सिंधू करार तत्काळ स्थगित ठेवण्यात येईल, असा त्याचा आशय होता. कोण स्थगित ठेवणार हे उघडच होते, तरीही मुख्य वाक्यात भारताचे नाव नाही. नाव आहे ते पाकिस्तानचे, आणि तेही अटीच्या उपवाक्यात, कर्ता म्हणून. म्हणजे करार बाजूला ठेवण्याची क्रिया बिनमाणसांची आणि ती संपवण्याची क्रिया मात्र सर्वस्वी समोरच्याची. अण्णा असते तर मसुदा लिहिणाऱ्याचे त्यांनी मनापासून कौतुक केले असते. मीही केले. त्या आठवड्यात संताप इतका होता, की त्या वाक्यातल्या थंडपणाचाच आधार वाटला. मात्र टीव्हीवर तेच वाक्य ऐकताना खालून टँकरचा हॉर्न वाजला आणि नळ आणि नदी यांची वाक्ये एकाच साच्यातून निघतात हे जाणवून मी काहीशी अस्वस्थ झाले, तेही खरे.

त्यानंतर १० मेची संध्याकाळ आली. तिच्याइतका कर्त्यावरून झालेला जाहीर वाद मी दुसरा पाहिलेला नाही. आधी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केले, की अमेरिकेच्या मध्यस्थीने रात्रभर चाललेल्या बोलण्यांनंतर भारत आणि पाकिस्तान यांनी युद्धबंदी मान्य केली आहे. थोड्याच वेळात मिस्री आले आणि त्यांनी अगदी मोजके निवेदन केले. पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी भारताच्या महासंचालकांना फोन केला आणि संध्याकाळी पाचपासून जमीन, हवा आणि समुद्र यांवरचा गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याचे त्यांच्यात ठरले. त्यांच्यात ठरले. कोणी ठरवले नाही, कोणी ठरवून दिले नाही, ठरले. फोन कोणी केला हे मात्र नावानिशी आणि मिनिटानिशी. पाकिस्तानच्या पंतप्रधानांनी त्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांचे आभार मानले, म्हणजे त्यांनी रिकाम्या जागेत एक नाव भरले. भारताने पुढे कित्येक महिने ते नाव खोडण्याचे काम केले, आणि ज्यांचे नाव होते ते गृहस्थ प्रत्येक व्यासपीठावरून ते पुन्हा लिहीत राहिले. गोळीबार थांबला याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. वाद होता तो ‘थांबला’ आणि ‘थांबवला’ यांमधल्या एका ‘व’चा.

जागा रिकामी ठेवली म्हणून ती रिकामी राहत नाही. कोणीतरी येऊन बसतोच.

कोण बसतो, यात सारे राजकारण आहे. इराणला गुपचूप शस्त्रे विकून त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचे प्रकरण उघडकीला आल्यावर, २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात अध्यक्ष रेगन म्हणाले, की गंभीर चुका झाल्या. झाल्या, केल्या नाहीत. पण त्या ‘झाल्या’ची जागा भरण्याची सोय आधीच झाली होती, नोव्हेंबर १९८६ मध्ये ऑलिव्हर नॉर्थ नावाच्या एका लेफ्टनंट कर्नलला कामावरून काढून टाकण्यात आले होते. हे नॉर्थ काही निष्पाप नव्हते. तरीही पदांच्या उतरंडीत चावी फिरवणारा आधी सापडतो आणि सांगणारा नंतर, कधी कधी सापडतच नाही. रेगन यांनी मार्चमध्ये स्वतःच्या कृत्यांची जबाबदारी स्वीकारली हेही नोंदवायला हवे. पण लोकांच्या लक्षात राहिले ते जानेवारीतले वाक्य.

कर्ता अजिबात टाळता येत नसेल, तर त्याच्या जागी ठिकाण ठेवायचे, ही दुसरी रीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये बालीला जी-२० देशांनी काढलेल्या जाहीरनाम्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाचा हवाला देत रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणाचा उल्लेख होता. वर्षभराच्या आतच, ९ सप्टेंबर २०२३ ला, दिल्लीत एकमताने जाहीरनामा संमत झाला आणि आपल्याकडे त्या एकमताचे मोठे कौतुक झाले. ते रास्तही होते, कारण जाहीरनामा निघेल की नाही अशीच आदल्या दिवसापर्यंत शंका होती. मात्र त्यात रशियाच्या आक्रमणाचा उल्लेख उरला नव्हता. उरले होते ते ‘युक्रेनमधील युद्ध’. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने मग शाळामास्तरासारखा तो परिच्छेद लाल रंगाने तपासून समाजमाध्यमावर टाकला आणि ‘युक्रेनमधील’ खोडून ‘युक्रेनविरुद्धचे’ असे सुधारले. सप्तमी काढली आणि शत्रू दाखवला. ‘मध्ये’ म्हटले, की युद्ध पावसासारखे कुठेतरी पडते; ‘विरुद्ध’ म्हटले, की ते करणारा शोधावा लागतो. दिल्लीच्या मसुद्यावर रात्री जागवणाऱ्या मुत्सद्द्यांना हे कळत नव्हते असे थोडेच आहे? त्यांना ते इतके कळत होते, म्हणूनच त्यांनी सप्तमी घेतली.

आणि कर्ता स्पष्ट लिहिणे भागच असेल, तर मग क्रियापद सैल करतात. १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये हवामान कराराचा अखेरचा मसुदा हाती आला, तेव्हा त्याच्या चौथ्या कलमात विकसित देश उत्सर्जनकपातीची उद्दिष्टे घेऊन पुढाकार ‘घेतील’ असे बंधनकारक रूप आढळले. अमेरिकेला ते चालणारे नव्हते. तसे राहिले असते तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो बुडाला असता. सभा खोळंबली. शेवटी सचिवालयाने तांत्रिक दुरुस्त्या वाचून दाखवल्या, त्यांत ‘घेतील’चे ‘घ्यावा’ झाले आणि काही मिनिटांत करार संमत झाला. आपल्या विध्यर्थाला ही लवचीकता जन्मतःच आहे. ‘सहकार्य करावे’ ही विनंती आहे की आज्ञा, हे वाचणाऱ्याच्या मगदुरावर अवलंबून असते.

माझी भाची ऐरोलीला राहते. तिच्या शाळेतली मुले दर वर्षी संयुक्त राष्ट्रांची नक्कल करतात. एकेक मूल एकेका देशाचे प्रतिनिधी होते, कोट वगैरे घालून ठराव मांडते. यंदा तिच्या वाट्याला इथिओपिया आला होता आणि विषय होता नाईलवरच्या मोठ्या धरणाचा. मसुदा लिहिण्यात मदत हवी म्हणून ती सुट्टीत माझ्याकडे येऊन राहिली. तिच्यामुळे मी ते ठराव प्रथमच नीट वाचले आणि थक्क झाले. पानेच्या पाने चालणारा अख्खा ठराव हे एकच वाक्य असते. आरंभी कर्ता, ‘सुरक्षा परिषद’. मग ‘स्मरण करून’, ‘चिंता व्यक्त करून’, ‘दखल घेऊन’ अशी ऊनकारान्त धातुसाधितांची लांबच लांब माळ, आणि बऱ्याच वेळाने खरी क्रियापदे, ‘आवाहन करते’, ‘निषेध करते’, ‘ठरवते’. पूर्णविराम अगदी शेवटी, एकदाच. जुन्या बखरकारांना हे वाक्य मुळीच परके वाटले नसते. ‘मावशी, खेद व्यक्त करू की निषेध?’ असे ती मधूनच विचारी आणि मी कणीक मळता मळता इथिओपियाचे परराष्ट्र धोरण ठरवी. तिला सर्वांत जड गेले ते कर्त्याचेच. परिषद हा कर्ता चालतो, पण परिषदेने ज्याला काही करायला सांगायचे त्याचे नाव लिहिले, की तो देश विरोधात मत देतो. खऱ्या नाईलचेही तेच झाले आहे. तिच्या खोऱ्यातल्या देशांचा सहकार्य करार २०१० मध्ये सह्यांसाठी खुला झाला, पण एका उपकलमावर तडजोड होईना. इतरांच्या जलसुरक्षेवर ‘लक्षणीय परिणाम होऊ न देण्याची’ भाषा वरच्या अंगाच्या देशांना हवी होती. इजिप्त आणि सुदान यांना त्यात ‘सध्याचे वापर आणि हक्क’ हेही हवे होते. हक्क म्हटले, की ते कोणाचे हे विचारावे लागते, आणि मग खोऱ्यात एक देश मालक होतो आणि बाकीचे राखणदार.

एवढे सगळे मांडल्यावर कर्ता नेहमी लिहावाच असा निष्कर्ष निघेल असे वाटेल. तो मला काढता येत नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले, तेव्हा शांघायमध्ये निघालेल्या संयुक्त निवेदनात तैवान कोणाचा याबद्दल अमेरिकेने स्वतःचे मत दिलेच नाही. सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे सारे चिनी लोक चीन एकच आहे आणि तैवान त्याचा भाग आहे असे मानतात, याची अमेरिकेला जाण आहे आणि ती या भूमिकेला आव्हान देत नाही, असे तिने लिहिले. मत आहे, पण मताचा कर्ता दुसराच आहे. आपल्याकडे एवढे काम एक ‘म्हणे’ करतो: तैवान चीनचाच आहे, म्हणे. या ‘म्हणे’वर पन्नासहून अधिक वर्षे त्या सामुद्रधुनीत मोठे युद्ध झालेले नाही. कोणी म्हणेल ही लबाडी आहे. असेल. पण नाव घेऊन खरे बोलण्याची किंमत तिथल्या लोकांनी मोजली असती, निवेदन लिहिणाऱ्यांनी नव्हे.

आपल्या इतिहासातही रिकामी जागा नेहमी पळवाट नसते. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच’, यात ‘मी’ छाती काढून उभा आहे. हे वाक्य टिळकांचेच असू शकते, आणि त्याची शिक्षा भोगायला ते तयार होते. चार दशकांनंतर रस्त्यावर आलेली घोषणा बिनकर्त्याची होती, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. कोणी करायचा? नेहरूंनी, मोरारजींनी, संसदेने? घोषणा सांगत नाही. तिला फक्त ‘झालाच’मधल्या ‘च’ची पर्वा आहे. गिरणीतला कामगार, कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षवाला, आचार्य अत्र्यांची सभा ऐकायला आलेला कारकून, यांच्यात एरवी कशावरही एकमत झाले नसते. कर्त्याची जागा मोकळी होती म्हणूनच ते सगळे त्या एका वाक्यात मावले. फलकावरच्या सूचनेतली रिकामी जागा शिवरामच्या गळ्यात पडली. इथली रिकामी जागा लोकांनी आपण होऊन भरली, आणि हुतात्मा चौकात ज्यांची नावे आहेत त्यांनी तर प्राण देऊन. फरक व्याकरणाचा नाही. पहिले वाक्य वरून खाली आले होते, दुसरे खालून वर गेले.

सोसायटीच्या सभेत तो विषय निघालाच. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ आहेत. चौथ्या मजल्यावर राहतात, स्वतः बी विंगचे आहेत, म्हणजे पाणी त्यांचेही बंद होते. मी म्हटले, की सूचनेत ‘कार्यकारी समितीने ठरवले आहे’ असे लिहायला काय हरकत आहे? ते म्हणाले, ‘लिहितो की. पण नाव लिहिलं की भांडण नावाशी होतं, ताई. मला रोज याच लिफ्टनं जायचंय.’ त्यात तथ्य होते. पुढच्या सूचनेत समितीचे नाव आले, खाली तिघांची नावेही आली, आणि शिवरामला कोणी काही बोलेनासे झाले. आता फोन सेक्रेटरींना जाऊ लागले, रात्री अकरानंतरही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्यांच्या मुलाच्या गाडीच्या पार्किंगचा जुना विषय कोणीतरी उकरून काढला. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्यांनी राजीनामा दिला. नवा सेक्रेटरी अजून मिळालेला नाही. पद रिकामे आहे आणि सूचना काढायला कोणी नसल्याने फलकावर फक्त योगवर्गाची जाहिरात आहे. शिवरामच्या वाट्याची बोलणी त्याने खाऊ नयेत, एवढे मात्र माझे मत आहे तसेच आहे. सेक्रेटरींनी खावीत का, याचे उत्तर मला तितक्या झटकन देता येत नाही, आणि समितीत यायचे का असे त्यांनी मला विचारले होते तेव्हा मी गुडघ्याचे दुखणे पुढे केले होते.

भाचीची सभा जुलैमध्ये झाली. पहिल्या मसुद्यात तिने ‘इथिओपिया दुष्काळाच्या वर्षी इजिप्तसाठी ठरावीक पाणी सोडील’ असे लिहिले होते, कारण तिला ते न्याय्य वाटले होते. तिच्याच शेजारच्या बाकावरच्या केनियाने तिला वेड्यात काढले. दुपारपर्यंत इथिओपिया जाऊन ‘संबंधित देश’ आले, संध्याकाळी तेही गेले आणि ‘योग्य ती पावले उचलण्यात यावीत’ एवढे राहिले. ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. तिला बक्षीस मिळाले. रात्री फोनवर तिने सगळी हकिगत सांगितली, कोणत्या देशाने ऐन वेळी कसा दगा दिला, सुदान झालेला मुलगा कसा रडवेला झाला, इथपर्यंत. मी विचारले, ‘ते सगळं छान, पण दुष्काळ पडला तर पाणी सोडणार कोण?’

‘त्यासाठी समिती नेमण्यात आली आहे,’ ती म्हणाली.